वाड्यातलं वाघाचं मुंडकं वारशाने आलं तर: कागदपत्रं आणि अर्ज

वाडा विकायला निघतो, भावंडं तांब्यापितळेची भांडी वाटून घेतात आणि सोप्याच्या भिंतीवरच्या वाघाच्या मुंडक्यापाशी घोडं अडतं. शेवटी कुणीतरी ते चादरीत गुंडाळतं आणि डिकीत टाकून पुण्याला आणतं. कृपा करून असं करू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार पेंढा भरलेला प्राणी, कातडं, नखं, शिंगं हे सगळं ‘ट्रॉफी’त मोडतं. पणजोबांनी शिकार केली तेव्हा ती कायदेशीर असली, तरी आज ती वस्तू जवळ ठेवायला कागद लागतोच.

सगळ्यात आधी गेलेल्या माणसाच्या नावाचं मालकी प्रमाणपत्र शोधा. ते मुख्य वन्यजीव रक्षकांनी, म्हणजे राज्याच्या वन खात्यातल्या वन्यजीव विभागाच्या प्रमुखांनी दिलेलं असतं. आमच्या मामांचं प्रमाणपत्र देवघराच्या फडताळात, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात सापडलं. पिवळा पडलेला कागद, जांभळा शिक्का आणि खाली वर्णन: डाव्या कानाला चीर, खालचा एक सुळा तुटका. स्टुलावर चढून आम्ही टॉर्च धरला. सुळा तुटकाच होता. वर्णन असं जुळलं की पुढचं बरंच सोपं जातं.

ज्याच्याकडे मालकी प्रमाणपत्र नाही, त्याला अशी वस्तू फक्त वारशानेच मिळू शकते. विकायला तर बंदीच आहे. त्यामुळे मित्राने ‘आठवण म्हणून ठेव’ असं म्हणून दिलेलं कातडं घेऊ नका.

वारशाने वस्तू आली की 90 दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे तसं घोषित करावं लागतं. महाराष्ट्रात मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरला आहे. अर्ज कुठे द्यायचा हे आपल्या भागातल्या उपवनसंरक्षक कार्यालयात विचारा. लोक नेमके इथेच चुकतात. दिवसकार्य, बँका, सातबारा यांत तीन महिने कधी सरतात कळत नाही. वाटणीपत्राची वाट पाहू नका, मृत्यूच्या तारखेपासूनच दिवस मोजा.

अर्जासोबत मूळ प्रमाणपत्राची प्रत, मृत्यू दाखला, वारस दाखला, बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, तुमचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि वस्तूचे चारही बाजूंनी काढलेले फोटो जोडा. फोटो काढताना हातमोजे आणि मास्क घाला. जुन्या काळी कातडं टिकावं म्हणून सर्रास आर्सेनिक वापरत. ती धूळ नाकातोंडात जाता कामा नये, आणि लहान मुलांना तर जवळही येऊ देऊ नका. लाकडी फळीमागे कारागिराची चिठ्ठी असेल तर तिचाही फोटो काढा. अनेक जुन्या ट्रॉफींवर म्हैसूरच्या व्हॅन इंजेन कंपनीची चिठ्ठी सापडते.

त्यानंतर अधिकारी घरी येऊन पाहणी करू शकतात, यादी करतात, ओळखखूण लावू शकतात. ताबा कायदेशीर असल्याची खात्री पटली की तुमच्या नावाने प्रमाणपत्र मिळतं. वस्तू भिंतीवरून हलवायची ती त्यानंतरच. मामांचं घर इंदूरला, आम्ही पुण्यात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलं तर 30 दिवसांत तिथल्या मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं. राज्यातल्या राज्यात न्यायचं असलं तरी आधी लेखी कळवून पोच घ्यावी, असं माझं मत आहे.

प्रमाणपत्र मुळातच नसेल तर मात्र प्रकरण अवघड आहे. 2003 मध्ये सरकारने अशा वस्तू घोषित करायला 180 दिवसांची संधी दिली होती, ती केव्हाच संपली. ताबा बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारीही कायद्याने ज्याच्याकडे वस्तू आहे त्याच्यावरच टाकली आहे. वाघ, बिबट्या, गवा हे कायद्याच्या अनुसूची 1 मधले, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेले प्राणी. त्यांच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षांची कैद आहे. घाबरून वस्तू जाळू नका, पुरू नका, कुणाच्या गळ्यात मारू नका. 2003 च्या घोषणेची पोच, जुना शिकार परवाना, जुने फोटो, जे मिळेल ते गोळा करा आणि वन्यजीव कायदा जाणणाऱ्या वकिलाला घेऊनच वन खात्याकडे जा.

प्रमाणपत्र आहे पण मुंडकं घरात नको, असंही होतं. माझ्या बहिणीला त्या काचेच्या डोळ्यांखाली झोपच लागत नसे. 2022 च्या दुरुस्तीने त्याची सोय केली आहे: मुख्य वन्यजीव रक्षकांना कामकाजाच्या सात दिवसांची नोटीस देऊन वस्तू त्यांच्या स्वाधीन करता येते. मोबदला मिळत नाही, वस्तू राज्य सरकारची होते. वर्णन आणि तारीख घातलेली पोच मागून घ्या, कारण प्रमाणपत्र त्याच तारखेपासून रद्द होतं.