ताणलेले सिलिकॉन आणि सिलिकॉन-जर्मेनियम: एक तंत्र, एक पदार्थ

नागपुरात चिप-डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही, कारण सिलिकॉनला ताण देण्यासाठी बहुधा सिलिकॉन-जर्मेनियमच वापरले जाते. गोळीबार चौकातल्या विणकराला मात्र हा फरक चटकन उमगेल: मागावर ताणा ओढून धरणे वेगळे आणि सुताच्या जोडीला रेशीम घेणे वेगळे. हाच फरक दोहोंच्या बाजारपेठेचे आकडे वाचतानाही लक्षात ठेवावा लागतो.

जर्मेनियमच्या स्फटिकातील अणूंमधले अंतर सिलिकॉनपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी जास्त असते. त्यामुळे या दोहोंच्या मिश्रणावर सिलिकॉनचा पातळ थर वाढवला, की तो खालच्या मापाशी जुळवून घेताना ताणला जातो आणि त्यातून इलेक्ट्रॉन अधिक सहज धावतात. होल्सना (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या, धन प्रभारासारख्या वागणाऱ्या जागांना) मात्र ताणापेक्षा दाब मानवतो. म्हणून इंटेलने २००३ मध्ये ९० नॅनोमीटरच्या चिपमध्ये पी-प्रकारच्या, म्हणजे होल्सवर चालणाऱ्या, ट्रान्झिस्टरच्या सोर्स व ड्रेनमध्ये (प्रवाहाच्या दोन टोकांत) १७ टक्के जर्मेनियम असलेले मिश्रण भरून मधला चॅनेल, म्हणजे प्रवाहाची वाट, दोन्ही बाजूंनी दाबला, तर इलेक्ट्रॉनवर चालणाऱ्या एन-प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर ताण देणारा नायट्राइडचा थर चढवला. एकाच चिपमध्ये ओढणे आणि दाबणे शेजारी शेजारी चालते; त्या अर्थाने ‘ताणलेले’ हे नाव अर्धेच खरे आहे.

सिलिकॉन-जर्मेनियमचा दुसरा संसार याहून निराळा आहे. बायपोलर या वेगळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये, म्हणजे मधल्या पातळ थरात, हे मिश्रण स्वतःच काम करते; वाहनांतील ७७ गिगाहर्ट्झ रडार आणि डेटा सेंटरमधील प्रकाशतंतूंच्या जोडण्या यांना लागणारा वेग त्यातून मिळतो. टॉवर, ग्लोबलफाउंड्रीज, एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स अशा कंपन्यांकडे त्यासाठी स्वतंत्र उत्पादनप्रक्रिया आहेत. त्यामुळे याची बाजारपेठ मोजता येते.

ताणलेल्या सिलिकॉनची बाजारपेठ मात्र, माझ्या मते, वेगळी काढून दाखवण्याजोगी नाही. संपूर्ण वेफरच (चिप जिच्यावर घडवतात ती सिलिकॉनची चकती) ताणलेला विकण्याची कल्पना मागे पडली आणि ताण प्रत्येक ट्रान्झिस्टरपाशी, कारखान्यातच देण्याची पद्धत रूढ झाली. प्रगत लॉजिक (गणन करणाऱ्या) चिपच्या किमतीत तो मुरलेला असतो. त्याच्या नावाने कोट्यवधींचा आकडा सांगणाऱ्याने त्यात नेमके काय मोजले, हे आधी विचारावे.

खरा प्रश्न तंत्राचा आहे. सॅमसंगने २०२२ मध्ये ३ नॅनोमीटरला आणलेल्या, चॅनेलला गेटने (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाने) चहूबाजूंनी वेढणाऱ्या रचनेत सिलिकॉन आणि सिलिकॉन-जर्मेनियम यांचे थर आलटून पालटून रचतात आणि नंतर मिश्रणाचे थर कोरून काढून टाकतात. ते काढण्याआधीच सोर्स-ड्रेन सिलिकॉनच्या पट्ट्यांच्या सुट्या टोकांपासून वाढवावे लागतात. ते एकत्र मिळताना स्फटिकात दोष राहतात आणि पूर्वीइतका ताण चॅनेलपर्यंत पोहोचवणे अवघड होते. म्हणजे मिश्रण आवश्यक, पण ते ताणासाठी नव्हे. दोन नावांतली फारकत इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

आपल्याकडे गुजरातमधील धोलेरा येथील टाटा-पॉवरचिप प्रकल्प २८ ते ११० नॅनोमीटरच्या टप्प्यांसाठी आहे. यातल्या सूक्ष्म टप्प्यांवर डिझाइन करणाऱ्या नागपूरच्या अभियंत्याला ताण भेटतो तो बाजाराच्या अहवालात नव्हे, तर लेआउटमध्ये, म्हणजे चिपच्या आराखड्यात: दोन ट्रान्झिस्टर मापाने अगदी सारखे असूनही, सक्रिय भागाच्या (ट्रान्झिस्टर ज्या सिलिकॉनवर बसतात त्याच्या) कडेपासून त्यांचे अंतर वेगळे असले, तर त्यांचा प्रवाह वेगळा भरतो.