वसाहतीचा प्लॅन पोलिसांना आधी का दाखवायचा?

घरं बांधून झाली नाहीत तोवर पोलिसांचं तिथे काय काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तर वाटतं त्यांची खरी गरज तेव्हाच असते, कारण कागदावरची एखादी अंधारी गल्ली खोडायला काही लागत नाही पण एकदा भिंती उभ्या राहिल्या की ती गल्ली पुढच्या दोन पिढ्यांच्या माथी बसते. ब्रिटनमध्ये यासाठी 1989 पासून पोलिसांचा 'सिक्युअर्ड बाय डिझाइन' हा उपक्रम आहे, खास ट्रेनिंग घेतलेले लोक आर्किटेक्ट आणि बिल्डरबरोबर बसून प्लॅन तपासतात.

तपासताना सगळ्यात आधी लक्ष जातं ते घराच्या मागच्या बाजूकडे. समजा दोन ओळींच्या मधून, मागच्या भिंतींना लागून एक पायवाट काढली आहे. प्लॅनवर ती मस्त शॉर्टकट वाटते, पण प्रत्यक्षात दोन्हीकडे उंच भिंती, एकाही खिडकीतून ती दिसत नाही, आणि चोराला आत शिरायला एक टोक, पळायला दुसरं. म्हणून सांगतात की घरं पाठीला पाठ लावून बांधा, दर्शनी बाजू रस्त्याकडे ठेवा, आणि पायवाट हवीच असेल तर ती सरळ, रुंद आणि लोकांच्या दारासमोरून जाऊ द्या. दिवसभर माणसांचा वावर असतो अशा खोलीची खिडकी रस्त्याकडे हवी, कोपऱ्यावरच्या घराची बाजूची भिंत कोरी नको, गाडी लावायची जागा घरातून दिसायला हवी. यात एक पैसाही जास्तीचा लागत नाही हो, फक्त वेळेवर विचार करावा लागतो.

कुठली जागा कोणाची हे कळणंही तितकंच महत्त्वाचं. अमेरिकेत सेंट लुईसला प्रुइट-आयगो नावाची 33 इमारतींची, 11-11 मजल्यांची वसाहत होती, 1950 च्या दशकात बांधलेली, आणि 1972 मध्ये ती पाडायला सुरुवातही झाली. आर्किटेक्ट ऑस्कर न्यूमन यांनी तिथे पाहिलं की दोनच कुटुंबांत असलेली जिन्यासमोरची जागा स्वच्छ, नीट ठेवलेली असायची, पण वीसेक कुटुंबांच्या कॉरिडॉरची आणि दीडशे कुटुंबांच्या लिफ्टची, जिन्याची पार दुर्दशा. रस्त्यापलीकडे तशाच परिस्थितीतली माणसं बैठ्या घरांत राहत होती आणि तिकडे फारसा त्रास नव्हता. प्रुइट-आयगो बिघडायला गरिबी, देखभालीला पैसा नसणं अशी बाकी कारणंही होतीच, सगळं खापर डिझाइनवर फोडणं बरोबर नाही, पण दोन कुटुंबं आणि वीस कुटुंबं यातला फरक एकाच इमारतीत दिसत होता.

आता दारं-खिडक्या. नेदरलँड्सने 1999 पासून प्रत्येक नव्या घराला घरफोडीला दाद न देणारी दारं-खिडक्या सक्तीची केली. नुसतं कुलूप चांगलं असून भागत नाही, चौकट, बिजागरी, काच, कडी सगळंच टिकलं पाहिजे, कारण चोर सगळ्यात कच्ची जागा शोधतो आणि तिथे पहार घालतो, आणि दोन-तीन मिनिटांत उघडलं नाही की बहुतेक जण नाद सोडतात. पुढे अभ्यासात दिसलं की अशा घरांत घरफोडीचं वर्षाचं प्रमाण 1.1 टक्क्यावरून 0.8 वर आलं, आणि त्यामुळे सायकलचोरी किंवा गाड्यांमधली चोरी वाढली असंही झालं नाही.

उजेडाबाबत एक गैरसमज आहे, लाइट जितका प्रखर तितकं सुरक्षित. तसं नसतं. एकच झगझगीत दिवा लावला की त्याच्या पलीकडची सावली आणखी काळी होते, त्यापेक्षा सगळीकडे सारखा, चेहरा ओळखू येईल एवढा उजेड हवा. आणि झाडं! झाडांचा प्लॅन एक जण काढतो, दिव्यांचा दुसरा, आणि काही वर्षांत फांद्या दिव्यासमोर येऊन उभ्या राहतात, म्हणून हे दोन्ही कागद एकावर एक ठेवून बघायलाच हवेत.

उंच कंपाउंड घालून सगळं बंदिस्त करायला मात्र माझा विरोध आहे. भिंत बाहेरच्याला अडवते तशी बाहेरच्यांची नजरही अडवते, एकदा चोर आत उतरला की तो कुणालाच दिसत नाही. शिवाय पोलिसांची गाडी, अॅम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड यांनाही रात्री आत यायचं असतं, तेव्हा गेट कोण उघडणार, मोठी गाडी वळेल का, आणि घरांचे नंबर रस्त्यावरून अंधारात वाचता येतील का, हेही त्याच प्लॅनवर ठरवून टाकायचं.