लसटोचणीतून खांद्याला झालेली इजा आणि भरपाई (अमेरिका)

लस सहसा दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत टोचायची असते. सुई फार वर, खांद्याच्या सांध्यालगत गेली तर स्नायूखालच्या द्रवपिशवीला किंवा स्नायुबंधांना सूज येते, खांदा दुखतो आणि हात वर उचलवत नाही. अमेरिकेत या इजेला ‘सिर्व्हा’ म्हणतात. २०१० मध्ये १३ रुग्णांवरील एका शोधनिबंधातून हे नाव रूढ झाले. लस सदोष असते असे नव्हे, ती भलत्या जागी गेलेली असते. टोचल्यावर दोन दिवस दंड ठणकतो, तो प्रकार वेगळा.

तेथील भरपाई योजना १९८६ च्या कायद्याने आली आणि १९८८ पासून चालू आहे. दावा लसकंपनीवर किंवा टोचणाऱ्यावर नव्हे, तर केंद्रीय आरोग्यमंत्र्यांविरुद्ध ‘कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’मध्ये दाखल होतो आणि ‘स्पेशल मास्टर’ म्हणजे त्या न्यायालयाने नेमलेले न्यायिक अधिकारी त्याचा निवाडा करतात. लशीच्या मात्रेमागे, ती जितके रोग रोखते त्या प्रत्येकासाठी ७५ सेंट कर घेतला जातो. भरपाईचा निधी त्यातूनच उभा राहतो.

२१ मार्च २०१७ पासून ही इजा योजनेच्या अधिकृत तक्त्यात, म्हणजे लशींमुळे होणाऱ्या मान्य इजांच्या यादीत, आहे. तक्त्याच्या अटी पुऱ्या झाल्या की इजा लसटोचणीनेच झाली असे गृहीत धरतात. त्या खांद्याचे जुने दुखणे नसावे, वेदना ४८ तासांच्या आत सुरू झालेली असावी, त्रास त्याच खांद्यापुरता असावा आणि त्याला दुसरे कारण नसावे. शिवाय तो सहा महिन्यांहून अधिक टिकलेला किंवा त्यासाठी रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया झालेली हवी. दाव्याची मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षे.

खरा वाद ४८ तासांवर होतो. आपोआप बरे होईल म्हणून माणूस महिना-दोन महिने कळ काढतो, आणि डॉक्टरांच्या कागदावर ‘काही आठवड्यांपासून दुखते’ एवढेच उरते. लस कोणत्या हाताला दिली, हेही पुष्कळदा लिहिलेले नसते. म्हणून पहिल्याच भेटीत लशीची तारीख, हात आणि दुखणे कधी सुरू झाले ते सांगून नोंदवून घेणे फार मोलाचे ठरते. घरच्यांची प्रतिज्ञापत्रेही पुराव्यात येतात.

उपचारखर्च आणि बुडालेली कमाई मिळते. वेदनेपोटी कमाल अडीच लाख डॉलर. दावा प्रामाणिक आणि साधार असेल तर तो हरला तरी वकिलाचे वाजवी शुल्क योजनाच देते. दुखऱ्या माणसासाठी ही तरतूद मोठा आधार आहे.

जानेवारी २०२१ मध्ये ही इजा तक्त्यातून काढण्याचा नियम निघाला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो रद्द झाला. कोविडच्या लशींसाठी मात्र वेगळी योजना लागू झाली. तिथे मुदत लस घेतल्यापासून एकच वर्ष, वेदनेपोटी काही नाही, आणि वकिलाचा खर्च पदरचा.