हर्वी, फ्रेडरिक ऑगस्टस

(१ ऑगस्ट १७३०–८ जुलै १८०३). आयर्लंडमधील डेरीचा अँग्लिकन (प्रॉटेस्टंट) बिशप आणि ब्रिस्टलचा चौथा अर्ल (उमरावांचा एक किताब). इंग्लंडच्या सफक परगण्यातील इकवर्थच्या उमराव घराण्यात तिसरा मुलगा म्हणून जन्म. जहागीर थोरल्याकडे, धाकट्यांनी सैन्यात, वकिलीत नाहीतर चर्चमध्ये पोट भरायचे, ही तिथली रीत. केंब्रिजला शिकून हर्वी चर्चमध्ये आला.

पुढची वाट वशिल्याची. थोरला भाऊ जॉर्ज १७६६ मध्ये आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे तिथला राजप्रतिनिधी, नेमला गेला. तो तिकडे कधी फिरकलाही नाही; पण धाकट्याला १७६७ मध्ये क्लॉइनचे आणि वर्षभरात डेरीचे बिशपपद मिळाले. डेरीच्या धर्मप्रांताचे उत्पन्न भरघोस होते. दोन्ही थोरले भाऊ औरस संतती न ठेवता वारल्यामुळे १७७९ मध्ये अर्लपदही चालून आले.

एवढ्यावरून त्याला निव्वळ ऐतखाऊ ठरवणे मात्र चुकीचे होईल. कॅथलिक व प्रेस्बिटेरियन (अँग्लिकन चर्चबाहेरचा एक प्रॉटेस्टंट पंथ) प्रजेशी तो त्या काळाच्या मानाने फारच मोकळेपणाने वागला. संसदीय सुधारणा मागणाऱ्या आयरिश स्वयंसेवक सैनिकांच्या १७८३ च्या डब्लिन येथील अधिवेशनात तो मोठ्या थाटात गेला आणि कॅथलिकांना मताधिकार मिळावा म्हणून भांडला. सरकारला हा बिशप डोईजड वाटू लागला.

आपल्या धर्मप्रांतातील डाउनहिल येथे समुद्रकड्याच्या अगदी टोकावर त्याने १७८५ मध्ये एक गोल घुमटी बांधली: मसेंडन टेंपल. नमुना इटलीतील तिवोलीच्या प्राचीन वेस्टा मंदिराचा, वापर ग्रंथालयाचा. देवांना माणसाच्या व्यवहाराशी देणेघेणे नाही असे मानणाऱ्या ल्युक्रेशस या प्राचीन रोमन कवीच्या ओळी तिच्यावर कोरल्या आहेत: खवळलेल्या समुद्रातली दुसऱ्याची धडपड किनाऱ्यावरून पाहणे किती सुखाचे! बिशपच्या वास्तूवर हे वचन, आणि तिच्याच तळघरात कॅथलिकांना मिस्सा (त्यांची मुख्य उपासना) करायला मुभा.

आयुष्याची अखेरची वर्षे त्याने इटलीत कलावस्तू जमवण्यात घालवली. धर्मप्रांत वाऱ्यावर, उत्पन्न मात्र चालू. १७९८ मध्ये फ्रेंचांनी रोममधील त्याचा संग्रह जप्त केला आणि त्याला मिलानमध्ये कैदेत टाकले. इकवर्थला १७९५ मध्ये सुरू केलेला घुमटाकार प्रासाद त्याला पुरा झालेला पाहता आला नाही. रोमजवळच्या आल्बानोपाशी वाटेत तो वारला. कॅथलिकांच्या लेखी पाखंडी असलेल्या या बिशपला घरात घ्यायला शेतकरी तयार नव्हता, म्हणून पडवीत प्राण गेला, अशी आख्यायिका आहे. इकवर्थच्या आवारात डेरीकरांनी त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभासाठी डेरीच्या कॅथलिक बिशपनेही वर्गणी दिली होती.