डेट्रॉइटचं दिवाळं आणि बर्मिंगहॅमची नोटीस

सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम सिटी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या महापालिकेची, पैसे संपल्याची बातमी आली, तेव्हा बहुतेक मथळ्यांत ‘दिवाळखोर’ हाच शब्द होता. त्याआधी दहा वर्षं, २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरासाठीही तोच वापरला होता. पण दिवाळं निघालं ते डेट्रॉइटचं. बर्मिंगहॅमचं निघालं नाही, निघू शकतही नाही, कारण इंग्लंडच्या कायद्यात कौन्सिलला दिवाळखोर ठरवण्याची सोयच नाही.

अमेरिकेत ती आहे. शहर, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), सिंचन किंवा पाणीपुरवठ्यासाठीची स्वतंत्र सार्वजनिक संस्था, म्हणजे ‘डिस्ट्रिक्ट’, अशा संस्थांसाठी दिवाळखोरीच्या कायद्यात ‘चॅप्टर ९’ हे वेगळं प्रकरण आहे. महामंदीत, १९३४ साली ही तरतूद पहिल्यांदा आली. टेक्सासमधल्या एका पाणी डिस्ट्रिक्टच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ती १९३६ मध्ये रद्द केली. मग सुधारित कायदा आला आणि १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सिंचन डिस्ट्रिक्टच्या खटल्यात तो टिकला. म्हणजे मोठ्या शहरांना आज मिळणारं हे संरक्षण शेतीला पाणी देणाऱ्या छोट्या संस्थांच्या भांडणांतून पक्कं झालं.

यात अर्ज संस्थेनं स्वतःच करायचा आणि त्याला राज्याची परवानगी लागते. धनको शहराला जबरदस्तीनं दिवाळखोरीत ओढू शकत नाहीत. कंपनी बुडाली की तिची मालमत्ता विकून वाटणी होऊ शकते, तसा शहराचा लिलाव होत नाही. कोर्ट एकच मोठी गोष्ट करतं: कोणाचं देणं किती कापायचं, या आराखड्यावर मोहोर उठवतं.

डेट्रॉइटनं १८ जुलै २०१३ ला अर्ज केला, तेव्हा देणी सुमारे १,८०० कोटी डॉलरची होती. त्यातली जवळपास ७०० कोटी पुढे उतरली. पण ती कुणाच्या तरी खिशातूनच उतरली. रोखेधारकांचे पैसे बुडाले. शहराच्या सामान्य निवृत्त कर्मचाऱ्यांची मूळ पेन्शन ४.५ टक्क्यांनी कमी झाली, महागाईपोटी मिळणारी वार्षिक वाढ थांबली आणि वैद्यकीय खर्चाचा आधार जवळजवळ गेला. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाला साठीनंतर हा फटका सोसायला लावणं मला आजही पटत नाही. शहराच्या कलासंग्रहालयातली चित्रं विकण्याची मागणी जोरात होती. देणगीदार संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली, म्हणून चित्रं वाचली आणि पेन्शनवरची कात्रीही आणखी खोल गेली नाही.

बर्मिंगहॅमनं काढली ती कलम ११४ ची नोटीस, १९८८ च्या कायद्यातली. वर्षाच्या खर्चाला जमा पुरणार नाही असं दिसलं, की कौन्सिलच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यानं ती काढायची. मग अत्यावश्यक सेवा सोडून नवा खर्च बंद आणि २१ दिवसांत कौन्सिलची सभा. यात न्यायाधीश येत नाही, तडजोडीचा आराखडा नसतो आणि कर्जाचा एक पौंडही माफ होत नाही. सगळा भार नागरिकांवर येतो. बर्मिंगहॅमच्या कारभारावर देखरेखीला केंद्र सरकारनं आपले आयुक्त बसवले. एप्रिल २०२४ पासून कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, ९.९९ टक्क्यांनी वाढली आणि दोन वर्षांत सुमारे ३० कोटी पौंडांची कपात ठरली.

या संकटामागचं एक मोठं देणं समान वेतनाचं होतं. पुरुषांची संख्या जास्त असलेल्या कामांना बोनस मिळत होता. स्वयंपाक, सफाई, आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या बायकांना तो नाकारला गेला होता. त्यांना ‘शहर बुडवणाऱ्या’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्या धनको होत्या, आणि त्यांचा पैसा वर्षानुवर्षं अडकला होता.

फरक पाहायचा तर रस्त्यावर पाहा. दिवाळखोरीच्या अर्जावेळी डेट्रॉइटचे सुमारे ४० टक्के दिवे बंद होते. २०१६ अखेर शहरभर सुमारे ६५,००० नवे एलईडी दिवे लागले. बर्मिंगहॅममध्ये नोटिशीनंतरच्या बचतीच्या यादीत रस्त्यांवरचे दिवे मंद करण्याचाही प्रस्ताव होता.

म्हणून अशी बातमी वाचताना आधी बघायचं, कर्ज कापलं जातंय की सेवा. पण कर्ज कापलं तरी हिशेब लगेच मिटत नाही. डेट्रॉइट डिसेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर आलं. जुन्या पेन्शन फंडांमध्ये शहरानं नेमानं भरायची रक्कम मात्र पुन्हा सुरू झाली ती २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून.