रंग मागण्याआधी सुताचं टोक जाळून बघा
घरी सूत रंगवून विणणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"दादा, रंग चढंनाच बघा. पुडी जुनी दिली का?"

दिवाळी होऊन पहाटे जरा गार वाटायला लागलं की हा प्रश्न आमच्या काउंटरवर सारखा येतो. सोबत पिशवीत ओली, जागोजागी फिकट पडलेली लडी असते आणि दोन तास गॅसपुढे उभं राहून ती ढवळणाऱ्या ताई रडकुंडीला आलेल्या असतात. पुडी बहुतेक वेळा चांगलीच असते. सूत मात्र त्या रंगाचं नसतं.

गोंधळ 'लोकर' या शब्दापासूनच सुरू होतो. सुयांवर चढणाऱ्या कुठल्याही जाड धाग्याला आपण लोकर म्हणतो. बाजारातल्या रंगीत गुंड्या बहुतेक अ‍ॅक्रिलिकच्या असतात. वेष्टनावर समोर मोठ्या अक्षरांत 'बेबी वूल' आणि मागे बारीक अक्षरांत '१०० टक्के अ‍ॅक्रिलिक'. अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. हलकं आहे, स्वस्त आहे, मशीनमध्ये टाकलं तरी टिकतं, आम्हीही ठेवतो. पण हा खनिज तेलापासून तयार केलेला धागा आहे. कारखान्यात त्याला वेगळ्या जातीचे, कॅटायनिक रंग जवळजवळ उकळत्या पाण्यात देतात आणि मग ते पाणी अगदी सावकाश गार करतात. गार करायची घाई झाली की धाग्याला चुण्या पडतात आणि तो राठ होतो. घरच्या पातेल्यात हे सांभाळणं अवघड, म्हणून अ‍ॅक्रिलिकसाठी रंग आम्ही विकतच नाही. अ‍ॅक्रिलिक हवं असेल तर पाहिजे त्या रंगाची तयार गुंडी घ्या.

उरलं सुती सूत आणि खरी लोकर. दोघांचे रंग वेगळे. सुती सुताला सोडा लागतो, लोकरीला व्हिनेगर लागतं. सोड्याच्या गरम पाण्यात लोकर कमजोर होते आणि व्हिनेगरमध्ये सुती सुताला रंग धरतच नाही. म्हणून पुडी देण्याआधी आम्ही "सूत दाखवा" म्हणतो. काहींना ही कटकट वाटते. पण त्यात पाच मिनिटं जातात. चुकीच्या पुडीमागे एक अख्खी दुपार, १०० ग्रॅम सूत आणि बादलीभर पाणी जातं, आणि आपल्या गावात नळाची पाळी किती दिवसांनी येते हे सांगायला नको.

जाळून बघायची रीत

वीतभर सूत घ्या, पीळ थोडा सोडवा. स्टीलच्या ताटलीत पाणी ठेवा, सूत चिमट्यात धरा (बोटांत नको, अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं) आणि टोक मेणबत्तीजवळ न्या.

सुती धागा झटकन पेटतो, ज्योत काढली तरी जळत राहतो, कागद जळल्यासारखा वास येतो. राख करडी, मऊ, फुंकर मारली की उडणारी. खरी लोकर ज्योतीपासून आकसून मागे सरते, ज्योत काढली की बहुधा आपली आपण विझते आणि वास थेट जळलेल्या केसांचा येतो. मागे काळा मणी राहतो, तो बोटांनी चुरला की भुगा होतो. रेशीमही जवळपास असंच वागतं. अ‍ॅक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळतं आणि मागे कडक, वेडावाकडा काळा गोळा उरतो. तो गार झाल्यावर चिरडून बघा, चिरडत नाही.

कागदाचा वास आला आणि तरीही टोकाला कडक मणी राहिला, तर सूत मिश्र आहे, म्हणजे कापसात पॉलिस्टर किंवा तसाच दुसरा कृत्रिम धागा आहे. अशा सुतावर सुती रंग फक्त कापसाच्या भागाला लागतो. गडद रंग कधीच मिळत नाही. फिकट, दुधाळ छटा मिळते. ती आवडत असेल तर जरूर रंगवा, फक्त ती ठरवून मिळालेली असावी.

मागाचं सूत विणायला घेताना

सोलापुरात सूत किलोवर मिळतं. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतून उरलेले सुताचे कोन (शंकूसारखी रिळं) स्वस्तात पडतात आणि बरेच जण तेच घेऊन येतात. घ्या, पण ते मागासाठी काढलेलं सूत आहे, सुयांसाठी नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पहिली अडचण खळीची. ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं, सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते. ती खळ धाग्यावर पापुद्र्यासारखी बसते आणि रंग आत जाऊ देत नाही. ओळखायला सोपं आहे: औषधाच्या दुकानात मिळणारं टिंक्चर आयोडीन, त्याचा एक थेंब सुतावर टाका. निळा-काळा डाग उमटला की पिठाची खळ आहे. तसं सूत लडी करून रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी चोळून धुवा आणि पुन्हा थेंब टाकून बघा. डाग तपकिरी-पिवळाच राहिला म्हणजे खळ गेली. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, सुताला सहसा ही भानगड नसते.

दुसरी अडचण पिळाची. एकपदरी, कडक पिळाचं सूत सुलट टाक्यांत विणलं की कापड एका बाजूला तिरकं जातं. कितीही ओढून वाळवलं तरी पुढच्या धुण्यात पुन्हा तिरकं. त्याला विणणाऱ्याचा हात जबाबदार नाही. दोन किंवा चार पदर उलट्या दिशेने पिळलेलं सूत घेतलं की हा दोष जातो. आमच्या कोऱ्या लडी चार पदरी आणि मऊ पिळाच्या असतात, खळ नसलेल्या असतात. कोनाच्या सुतापेक्षा त्या महाग का, याचं हेच उत्तर आहे.

सुती सुताचा हिशेब, १०० ग्रॅमसाठी

आमच्याकडची सुती पुडी म्हणजे कोल्ड ब्रँड, कोमट पाण्यातच चढणारा, रिअ‍ॅक्टिव्ह रंग. या जातीचे रंग १९५६ मध्ये पहिल्यांदा बाजारात आले. जुन्या पद्धतीचा डायरेक्ट रंग सुताला नुसता धरून राहतो, म्हणून दर धुण्यात थोडा थोडा सुटतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंध जोडतो. मात्र तो बंध सोड्याशिवाय जुळत नाही.

आधी सूत उकळून घ्या. ३ लिटर पाणी, ६ ग्रॅम धुण्याचा सोडा, चार थेंब भांड्यांचा लिक्विड साबण, मंद आचेवर एक तास. पाणी पिवळट-तपकिरी होतं, ते कापसाचं नैसर्गिक मेण आणि मळ. ही पायरी गाळली तर रंग वरवर बसतो आणि लडीच्या आतला भाग पांढरा राहतो. पातेलं स्टीलचंच, अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो. आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला नाही.

लडी चार ठिकाणी सैल बांधा, बांधलेल्या जागी बोट सहज आत गेलं पाहिजे. घट्ट गाठीखाली रंग पोचत नाही आणि विणताना दर काही टाक्यांनी पांढरा ठिपका येतो.

आता रंग. फिकट छटेला १ ग्रॅम, मध्यमला २ ते ३, गडदला ५, काळ्याला ८. चमच्याने मोजू नका. एका रंगाचा चमचा जड भरतो, दुसऱ्याचा हलका. लहान डिजिटल काटा घ्या, आमच्याकडे नसेल तर सराफी साहित्याच्या दुकानात मिळतो. पूड हवेत उडते आणि नाकात गेली तर दम्यासारखा त्रास लागू शकतो, म्हणून मास्क लावा, पंखा बंद ठेवा, हातमोजे घाला. आधी वाटीभर कोमट पाण्यात रंग पूर्ण विरघळवा आणि मग २ लिटर पाण्यात मिसळा. ओली लडी त्यात सोडा. १०० ग्रॅम मीठ तीन हप्त्यांत, दर दहा मिनिटांनी घाला. गडद रंगाला १५० ग्रॅम. मीठ बारीक, पाकिटातलं घ्या. खड्याच्या मिठात मॅग्नेशियम असतं, त्याने पाणी आणखी जड होतं.

अर्ध्या तासाने लडी बाजूला उचला, ४० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून ओता, ढवळा, लडी परत सोडा. सोडा थेट लडीवर पडला तर तिथे गडद डाग उठतो, तो निघत नाही. पुढे एक तास, दर पाच मिनिटांनी हलवत राहा.

इथे दोन गोष्टी फार होतात. एक, धुण्याच्या सोड्याऐवजी खायचा सोडा. दोन्ही पांढरे, दोन्ही सोडेच, पण खायचा सोडा इतका सौम्य की कोल्ड ब्रँडलाही तो पुरत नाही. वाण्याकडे 'धुण्याचा सोडा' असंच स्पष्ट मागा. दुसरं, सोडा घातलेलं उरलेलं रंगाचं पाणी बाटलीत भरून उद्यासाठी ठेवणं. सोडा पडला की रंग सुताशी जोडतो तसा पाण्याशीही जोडतो आणि काही तासांत निकामी होतो. बाटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशी तेवढंच लालभडक दिसतं, पण सुतावर टिकत नाही.

'रंग जातो' ही तक्रार याच निकामी रंगाची असते. चांगल्यात चांगल्या रंगवणीतही थोडा रंग पाण्याशी जोडला जातो आणि सुतावर नुसता बसून राहतो. तो काढायला आधी गार पाण्याने दोन-तीनदा खळबळून मीठ घालवा, कारण मीठ असेपर्यंत तो निकामी रंग सुताला धरून ठेवतं. मग उकळीच्या जवळच्या पाण्यात साबण टाकून पंधरा मिनिटं. मग पुन्हा गरम पाणी. पांढऱ्या फडक्यात ओली लडी पिळून बघा. फडकं स्वच्छ राहिलं की झालं. नाही राहिलं तर साबणाची उकळी परत द्या. हे उकळणं टाळून नुसतं दहा वेळा गार पाण्यात धुतलं तर पाणीही जातं आणि रंगही सुटतच राहतो.

पाणी वाचवायचं तर एकाच दिवशी दोन-तीन लड्या, फिकटाकडून गडदाकडे. पहिल्या लडीचं शेवटचं पाणी दुसरीच्या पहिल्या धुण्याला. अशाने एका लडीला साधारण १५ लिटरमध्ये भागतं. बोअरचं पाणी असेल तर ते जड असतं, रंग मंद दिसतो आणि साबणाची साय बसते. लिटरला १ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घाला, आमच्याकडे छोट्या पाकिटात आहे. सोडा-मिठाचं पाणी कुंड्यांना घालू नका, झाडं जळतात.

कोल्ड ब्रँडला ३० ते ४० अंश पाणी पुरतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपसूक तेवढं असतं, गॅस लागत नाही. त्यामुळे थंडीसाठी विणायचं सूत उन्हाळ्यात रंगवून ठेवणारे ग्राहक आमच्या मते सगळ्यात शहाणे. डिसेंबरच्या सकाळी गार पाण्यात रंगवलं तर एक तास पुरत नाही. पाणी कोमट करा किंवा दोन तास द्या. फिरोजी रंग मुळातच आळशी, त्याला पाणी जास्त गरम आणि वेळही जास्त. वाळवणं नेहमी सावलीत, काठीवर, ओझं न लटकवता.

खरी लोकर

लोकरीची रीत थोडक्यात. ३ लिटर पाणी, १ ते २ ग्रॅम अ‍ॅसिड रंग (लोकरीची पुडी), ५० मिली साधं व्हिनेगर. लडी आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजलेली हवी. अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू ८५ अंशांपर्यंत न्या, अर्धा तास तिथेच ठेवा. उकळू नका, ढवळू नका, फक्त एक-दोनदा लडी पालटा. पातेल्यातलं पाणी जवळपास नितळ झालं की सगळा रंग लोकरीत गेला. मग लडी त्याच पाण्यात आपोआप गार होऊ द्या. गरम लोकर गार पाण्यात बुडवून चोळली की तिचा नमदा होतो, म्हणजे धागे एकमेकांत घट्ट गुंततात, आणि तो परत सुटत नाही.

धनगरी घोंगड्याची दख्खनी मेंढीची लोकर काही जण हौसेने आणतात. ती मुळातच काळी-करडी असते, तिच्यावर लाल-पिवळा दिसणारच नाही. ती तिच्याच रंगात विणा. जाड सुयांवर बैठकीचं आसन फार सुंदर होतं.

एका कामाचं सूत एकाच वेळी रंगवा

निम्मी बंडी झाल्यावर सूत संपतं आणि "तोच रंग द्या" म्हणून लोक येतात. तोच रंग, तेच वजन, तरी दुसऱ्या दिवशीची छटा वेगळी निघते. पाणी, हवा, ढवळणं सगळं बदललेलं असतं. कापूस अ‍ॅक्रिलिकपेक्षा जड, म्हणून त्याच मापाच्या कपड्याला सूत वजनाने जास्त लागतं, सव्वा ते दीडपट धरा. लड्या जास्त असतील आणि पातेलं लहान असेल, तर विणताना दोन गुंड्या घ्या आणि दर दोन ओळींनी गुंडी बदला. मग फरक पट्ट्यासारखा दिसत नाही. सुरुवातीला चार इंचांचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मग टाके मोजा, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं.

आमच्या पुडीवर वजन आणि भरल्याची तारीख लिहिलेली असते. रंग ५ ग्रॅमपासून मिळतो, कारण फोडलेली पुडी पावसाळ्यात ओल धरते आणि रंग मरतो. लागेल तेवढाच घ्या. याच कारणाने फोडलेली पुडी परत घेत नाही. पण सूत दाखवून घेतलेली पुडी चढली नाही, तर लडी घेऊन या. आम्ही सूत, सोडा आणि हिशेब तिन्ही तपासू आणि चूक आमची निघाली तर पुडी बदलून देऊ. येताना न रंगवलेलं वीतभर कोरं सूत सोबत आणा. रंगवलेल्या, सोडा लागलेल्या सुताची राख नीट सांगत नाही. म्हणून रंगवायला बसण्याआधीच एक तुकडा कापून पुडीच्या कागदात गुंडाळून ठेवत जा.