गिअरबॉक्स खाली उतरवण्याआधी
ऑटोमॅटिक गाड्या आणि क्लचच्या तक्रारींबद्दल कोल्हापूरच्या आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘डी’मध्ये टाकली की धक्का बसतो. पन्हाळ्याच्या चढाला इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. क्लच बदलून वर्ष झालं नाही तोवर पुन्हा जळका वास येतोय. तक्रार यातली कुठलीही असो, बिल फुगतं ते एकाच कामानं, गिअरबॉक्स खाली उतरवण्यानं. लहान गाडीतसुद्धा त्यासाठी दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, स्टार्टर, माउंटिंग, कधी सबफ्रेमही सोडावी लागते. चार ते सहा तास त्यातच जातात. म्हणून पहिला प्रश्न ‘किती खर्च येईल’ हा नको. ‘उतरवायची खरंच गरज आहे का’ हा विचारा.

तुमच्या गाडीत नक्की काय आहे?

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं येतात आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही. लिव्हरवर ‘पी’ नसेल, फक्त ‘आर-एन-डी-एम’ असेल, तर ती बहुतेक एएमटी. आतला गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट साध्या मॅन्युअल गाडीसारखीच असते. फरक इतकाच, की तुमच्या पायाचं आणि हाताचं काम पंप-व्हॉल्व्ह किंवा छोट्या मोटारी करतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात अशी प्लेट नसतेच, जोर तेलातून जातो. सीव्हीटीत दोन पुली आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा किंवा चेन. डीसीटीत दोन क्लच, एकाकडे विषम गिअर आणि दुसऱ्याकडे सम. (टोयोटाच्या हायब्रिडवर ई-सीव्हीटी लिहिलेलं असलं तरी तिथे पट्टा नाही. त्या गाडीला कुणी ‘पट्टा बदलू’ म्हणालं तर चहा पिऊन निघून यावं.)

आधी स्वस्तातलं तपासा

गिअर पडत नाही, लाल दिवा लागलाय, गाडी ‘एन’मधून हलत नाही, अशा वेळी आम्ही आधी मीटर लावतो तो बॅटरीला. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ दिसले तर ती निम्मी रिकामी आहे. स्टार्टर फिरताना ९.६च्या खाली गेली तर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला वेडेवाकडे कोड येणारच. त्यानंतर बॉडी आणि गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थिंगची पट्टी. ती गंजली की लक्षणं अगदी गिअरबॉक्स गेल्यासारखीच दिसतात.

दुसरा गुन्हेगार म्हणजे ब्रेक स्विच. ब्रेक दाबला आहे हे गाडीला कळलं नाही तर लिव्हर सुटत नाही किंवा एएमटी गिअर घेत नाही. घरच्या घरी बघा. कुणाला तरी मागे उभं करा, पेडल दाबा आणि ब्रेकचे दिवे दर वेळी लागतात का ते पाहा. हा पार्ट काही शेकड्यांतला आहे, आणि त्यासाठी गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

एएमटी : घाट, ट्रॉली आणि क्लच

पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, लहान गाडी ताशी साधारण ५ ते ७ किलोमीटरनं चालते. त्याहून हळू चालवायची तर क्लच घसरवावाच लागतो. मॅन्युअलमध्ये तुम्ही हाफ क्लच करता, एएमटीत मशीन करतं. आता कारखान्यांचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, रस्ता चढाचा, आणि तुम्ही त्याच्या पाठोपाठ इंच-इंच पुढे सरकताय. दहा मिनिटांत प्लेट इतकी तापते की वास केबिनमध्ये येतो. त्यापेक्षा ब्रेक लावून थांबा, गाडीभर अंतर पडू द्या, मग एका दमात पुढे घ्या. ट्रॅक्टर काही पळून जात नाही.

चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवणं ही सगळ्यात महागडी सवय. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. आंबा घाट उतरताना लिव्हर ‘एम’वर घेऊन दुसरा गिअर लावा, नाहीतर ‘डी’मध्ये गाडी वरचे गिअर घेत जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. गाडी लावताना ‘पी’ नसतो, म्हणून गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा. ‘एन’मध्ये ठेवून गेलेली एएमटी फक्त हँडब्रेकच्या केबलवर उभी असते, हे रंकाळ्याच्या उतारावर लक्षात येण्यात मजा नाही.

हायड्रॉलिक (पंप-व्हॉल्व्हच्या) एएमटीत ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की ‘घर्रर्र’ असा दोन-तीन सेकंद आवाज येतो. तो पंप दाब तयार करतो, घाबरू नका. पण गाडी जागेवर उभी, गिअरही बदलत नाही, आणि तरी तो आवाज दर थोड्या सेकंदांनी पुन्हा येत असेल तर दाब कुठेतरी सुटतोय. ॲक्युम्युलेटर (तेलाचा दाब साठवणारा डबा) दमला असेल, व्हॉल्व्ह किंवा सील गळत असेल. हे काम बाहेरूनच होतं. इथे क्लच प्लेट बदलून काहीच उपयोग नाही, आणि नेमकी इथेच ती बदलली जाते.

एएमटीत क्लच बदलला की स्कॅनर लावून ‘लर्निंग’ करावंच लागतं. नवी प्लेट जाड असते. ती कुठल्या बिंदूला पकडते हे कॉम्प्युटरला नव्यानं शिकवावं लागतं. हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली असेल तर ती काढणंही त्यातच आलं. ही पायरी गाळलेली गाडी नव्या क्लचसकट धक्के मारते आणि मग ‘पार्ट डुप्लिकेट होता’ म्हणून भांडण लागतं.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी : प्रश्न तेलाचा

ताशी ६० ते ८० च्या दरम्यान, एकसारख्या वेगात, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच (एकसारख्या वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून धरणारा) आणि जुनं तेल यांचा संशय घ्या. वेळेत तेल बदललं तर बऱ्याचदा थांबते. ‘डी’ टाकल्यावर गाडीनं पकड घ्यायला दोन सेकंदांहून जास्त लावले, विशेषतः सकाळी थंड असताना, तर मात्र थांबू नका.

एकदा ड्रेन केल्यानं सगळं तेल निघत नाही, कारण बरंच कन्व्हर्टरमध्येच राहतं. समजा एकूण ७ लिटर आहे आणि खाली ३.५ आलं. नवं भरल्यावर निम्मं तेल नवं. थोडी गाडी चालवून पुन्हा तेच केलं की ७५ टक्के, तिसऱ्यांदा ८७.५ टक्के. म्हणून कुणी ‘पूर्ण एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) बदललं’ म्हणून साडेतीन लिटरचं बिल दिलं तर हिशेब विचारा. लेव्हलही डोळ्यांनी बघून ठरत नाही. तेल तापलं की फुगतं, म्हणून कंपनीनं दिलेल्या तापमानाला, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट उभी करूनच ती घ्यावी लागते. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं’ असं सांगितलं गेलं तर मॅन्युअलमधलं कठीण वापराचं वेळापत्रक उघडा. घाट, धूळ, शहरातली रांग हे सगळं त्यात बसतं.

सीव्हीटीत सीव्हीटीचंच तेल, तेही त्या कंपनीनं सांगितलेलं. साधं एटीएफ टाकलं की पट्टा पुलीवर घसरतो, पुली घासते, आणि मग दुरुस्ती नाही, थेट बदली. वेग वाढताना इंजिन एकाच सुरात ओरडणं हा सीव्हीटीचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. वेगाबरोबर वाढत जाणारी शिट्टी असेल तर बेअरिंग.

टॉर्क कन्व्हर्टरची किंवा सीव्हीटीची गाडी बंद पडली तर चालती चाकं (इंजिनचा जोर ज्यांना जातो ती) जमिनीवर ठेवून ओढत आणू नका. इंजिन बंद म्हणजे आतला तेलाचा पंपही बंद, आणि भाग मात्र सुके फिरत राहतात. सपाट पाठीच्या रिकव्हरी गाडीवर चढवा.

कोरड्या क्लचची डीसीटी

हिचे दोन्ही क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे उष्णता हवेतच जाते. महाद्वार रोडच्या गर्दीत अर्धा तास सरकत राहिलात आणि ‘ट्रान्समिशन गरम’ असा संदेश आला, तर बाजूला घ्या, ‘पी’ टाका, इंजिन चालू ठेवा आणि संदेश जाईपर्यंत वाट बघा. फक्त दुसरा, चौथा, सहावा गिअर पडत नसतील आणि बाकीचे पडत असतील, तर बिघाड त्या एका बाजूच्या क्लचमध्ये किंवा त्याला चालवणाऱ्या यंत्रणेत आहे. ही खूण ड्रायव्हरनं नीट सांगितली तर आमचे दोन तास वाचतात.

थरथरीचा दोष चालवणाऱ्यावर ढकलणं सोपं असतं. फोर्डच्या सहा गिअरच्या पॉवरशिफ्टचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. तक्रारी घेऊन आलेल्या ग्राहकांना ‘तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे होतंय’ असं सांगितलं जात होतं. २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टानं या तक्रारींच्या हाताळणीसाठी कंपनीच्या तिथल्या शाखेला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तोच गिअरबॉक्स आपल्याकडच्या सुरुवातीच्या पेट्रोल ऑटोमॅटिक इकोस्पोर्टमध्ये होता.

काढलेली प्लेट काय सांगते

दोष कुणाचा हे तोंडानं ठरवू नये, प्लेट समोर ठेवून ठरवावं. क्लच काढल्यावर आम्ही ग्राहकाला बोलावतो ते यासाठीच.

अस्तर सगळीकडे सारखं झिजलंय आणि रिव्हेटच्या डोक्यावर जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर उरलंय? प्लेट आपलं आयुष्य जगली, कुणाचा दोष नाही. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग, केसासारख्या बारीक चिरा? क्लच घसरत राहून तापला. पण लगेच ड्रायव्हरकडे बोट दाखवू नका. केबल जास्त ताणलेली असेल किंवा सिलिंडर पूर्ण परत येत नसेल, तर पाय न लावताही क्लच अर्धवट सुटलेला राहतो. अस्तर काळपट, ओलसर, मध्यापासून बाहेर फेकल्यासारखे तेलाचे ओघळ? मग सील गळतंय. उग्र, गंधकासारखा वास आला तर गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील. तसा वास नसेल तर इंजिन ऑइल, म्हणजे क्रँकचं मागचं सील. सील न बदलता नवी प्लेट बसवली तर ती काही महिन्यांत पुन्हा भिजते. ‘वर्षात दोनदा क्लच’ या तक्रारीमागे हे नेहमी तपासावं.

मॅन्युअल गाडीत आवाजावरूनही बरंच कळतं. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडल्यावर येते आणि दाबलं की थांबते, तर गिअरबॉक्समधलं इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पेडल मऊ होऊन खाली बसत असेल तर प्लेटचा संबंध नाही, मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर बघा.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकदमच बदलावे. मजुरी एकच, आणि बेअरिंगचे पैसे वाचवून तेच काम पुन्हा करण्यात शहाणपण नाही. फ्लायव्हीलवर डाग असतील तर फेसिंग करून (लेथवर पृष्ठभाग सपाट करून) घ्यावं. उद्यमनगरात लेथची वानवा नाही, अर्ध्या दिवसात काम होतं. मात्र ड्युअल मास फ्लायव्हील लेथवर चढवायचं नसतं. त्याच्या आत स्प्रिंग असतात, ते तपासायचं आणि खराब असेल तर बदलायचं. आपल्या गावात काहीही बनवून मिळतं हे खरं, पण हे नाही. बसवताना स्प्लाइनला (शाफ्टवरच्या दात्यांना) ग्रीस अगदी नखभर. जास्त झालं तर ते फिरताना अस्तरावर उडतं आणि पहिल्याच दिवशी थरथर सुरू. गिअरबॉक्स शाफ्टवर लोंबकळत ठेवला तर प्लेटचा हब वाकतो, म्हणून जॅक शेवटपर्यंत खाली हवा. नंतरचे ५०० किलोमीटर जोरात ओढू नका.

पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी तिथवर यायला लागलं की सखल भागातली गाडी आधीच उंचावर न्या. गिअरबॉक्सला ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं तोंड, असतो. तापलेला गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. चांगलं एटीएफ बहुधा तांबडं आणि पारदर्शक असतं. पाणी मिसळलेलं दिसतं ते तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच वाटीत ओतल्यासारखं. असं तेल दिसलं तर इंजिन सुरूच करू नका. सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतानाही हीच खूण बघा.

वॉरंटी आणि कागद

क्लच प्लेट झिजणारा भाग म्हणून बहुधा वॉरंटीत येत नाही. ॲक्च्युएटर (क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा), कंट्रोल युनिट, सील हे साधारणपणे येतात. म्हणून वॉरंटीतली गाडी असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या, आमच्याकडे उघडून घेऊ नका. जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, फॉल्ट कोडची प्रिंट मागा, ‘क्लच जळलाय’ म्हणाले तर फोटो मागा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

आमच्याकडे काढलेले पार्ट पिशवीत घालून परत मिळतात. मागावे लागत नाहीत.

गाडी दाखवायला आणताना शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून लावा. उशिरा पकडणं, पहिला धक्का, पंपाचा आवाज ही लक्षणं थंड गाडीतच दिसतात. शहरातून तापवून आणलेली गाडी आमच्यासमोर अगदी शहाण्यासारखी वागते.